टांगायच्या गोधडीत उभा धागा कुठे ठेवायचा

अंथरायची गोधडी शिवताना कापडाची दिशा कुणी फारशी बघत नाही, आणि बघितली नाही म्हणून काही बिघडतही नाही. जुन्या लुगड्याचे थर, वर बसतील तशा चिंध्या आणि बोटभर अंतराने कडेकडून आत फिरत गेलेला धावदोरा. ही गोधडी पडून असते, तिचं वजन खालची गादी पेलते. तीच भिंतीवर टांगली की सगळं वजन वरच्या कडेला लोंबकळतं आणि दिवसरात्र खाली ओढत राहतं. काही महिन्यांत खालची कड लाटांनी भरते, एखादा कोपरा बोटभर खाली येतो, मध्ये झोळ पडतो. टाके कितीही नेटके असले तरी हे होतं, कारण चूक शिवताना झालेलीच नसते. ती कापड कापताना होऊन गेलेली असते.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरवा, की वजन पेलणाऱ्या प्रत्येक थराचा उभा धागा छताकडून जमिनीकडे जाईल. बाकीच्या तुकड्यांत सूट घेता येते. कुठे घ्यायची आणि कुठे अजिबात नाही, ते पुढे २४ × ३२½ इंचांच्या एका नमुन्यावर दाखवलं आहे. हा नमुना मुद्दाम अवघड निवडला आहे. त्यातले चौकोन कोनावर उभे, शंकरपाळ्यासारखे बसतात, आणि धाग्याची दिशा सगळ्यात जास्त चुकते ती याच मांडणीत.

उभा, आडवा, उरेब

मागावर आधी ताणून बसवतात तो ताणा, म्हणजे उभा धागा. धोट्याने त्याच्या आरपार भरला जातो तो बाणा, म्हणजे आडवा धागा. किनार नेहमी उभ्या धाग्याला समांतर असते. गिरणीत धुणं, रंगवणं, वाळवणं चालू असताना कापड लांबीच्या दिशेने ओढलं जातं. त्यामुळे उभे धागे सरळसोट होतात आणि आडव्या धाग्यांत बारीक लाट उरते. आडव्या दिशेला कापड जरा सैल लागतं ते ही लाट सरळ होते म्हणून. याच ओढाताणीमुळे पहिल्या धुण्यात बहुतेक सुती कापड लांबीला जास्त आटतं आणि रुंदीला कमी.

उरेबचं, म्हणजे ४५ अंशांच्या दिशेचं गणित वेगळं आहे. तिथे धागा लांबत नाही, वीण आकार बदलते. चौकोनी जाळी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून ओढली की तिच्या प्रत्येक चौकोनाचं शंकरपाळं होतं. एका बाजूने लांबतं, दुसऱ्या बाजूने आक्रसतं. उरेब टांगलेलं कापड म्हणूनच खाली उतरता उतरता कमरेत बारीकही होतं. टांगलेल्या गोधडीच्या बाजू मधोमध आत आलेल्या दिसल्या तर आधी उरेबचा संशय घ्या.

हातमागाचं आणि खादीचं कापड या नियमात चोख बसेलच असं नाही. त्यावर गिरणीइतकी ओढाताण झालेली नसते, आणि कित्येकदा बाण्याचं सूत ताण्यापेक्षा जाड असतं. उभ्या-आडव्यातला फरक तिथे इतका कमी असतो, की प्रत्येक तुकडा हाताने ताणून पाहिल्याशिवाय कापू नये.

किनार नसलेला तुकडा ओळखणं

दोन्ही हातांच्या चिमटीत कापड साधारण चार इंचांच्या अंतराने धरा. चिमट्या जवळ आणा आणि झटक्यात लांब करा. उभ्या दिशेला कापड कोरडा, टोकदार आवाज करतं आणि बोटं जागच्या जागी अडतात. आडव्या दिशेला आवाज बोथट येतो आणि बोटं किंचित पुढे सरकतात. उरेबला आवाज जवळजवळ येतच नाही, कापड रबरासारखं जातं आणि मध्ये उभी चुणी पडते. तीन-चार वेगवेगळ्या कापडांवर हे एकदा करून बघितलं की पुढे कान आणि बोटं आपोआप सांगतात.

तरी शंका राहिली तर कडेचा एकेक धागा ओढून काढा आणि तुकडा उजेडाविरुद्ध धरा. धागा निघाल्यावर जी बारीक रेघ उमटते ती धाग्याची खरी दिशा. छपाईच्या रेषेवर विश्वास ठेवू नका. चौकटी किंवा पट्टे विणीतले असतील तर ते धाग्यावरच असतात, पण छापलेले असतील तर इंच-दीड इंच सरकलेले असू शकतात. ठशांच्या हातछपाईत तर हे हमखास सापडतं. कापड उलटं करून पाहा: विणीतला पट्टा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, छापलेला पाठीमागे फिका असतो.

ओळखलेल्या दिशेची खूण लगेच करा. प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला, शिवणीत जाईल अशा जागी, खडूने उभ्या धाग्याचा एक छोटा बाण काढा. कापून झाल्यावर चौकोन सगळे सारखेच दिसतात आणि मग पुन्हा झटके देत बसावं लागतं.

कापड सरळ करून घेणं

आधी धुवा. ज्या पाण्यात पुढे कधी गोधडी धुणार असाल तशाच पाण्यात, आणि सगळी कापडं धुवा, अस्तरसुद्धा. दोरीवर वाळवताना कापड किनारीला समांतर घडी घालून टाका. तिरकं टाकलेलं ओलं कापड तसंच तिरकं वाळतं.

नंतर टोक सरळ करा. किनारीला एक इंचाची चीर द्या आणि कापड आडवं टरकवा. साधी वीण असलेलं सुती कापड बरोबर एका आडव्या धाग्यावर फाटतं. आता घडी घालून किनारीला किनार जुळवा. फाटलेली टोकंही एकमेकांवर बसली तर कापड सरळ आहे. बसली नाहीत तर जो कोपरा आखूड पडतोय तो आणि त्याच्या समोरचा कोपरा दोघांनी धरून उरेबच्या दिशेने ओढा, वाफेची इस्त्री फिरवा, पुन्हा जुळवून बघा. इंचभर फरक असा निघतो. दोन-अडीच इंच तिरकेपणा असेल किंवा सुरकुती न पडण्यासाठी कापडावर प्रक्रिया केलेली असेल, तर ते सरळ होणार नाही. तसं कापड लहान तुकड्यांना वापरा, पट्ट्यांना आणि अस्तराला नको. टरकवलेल्या कडेलगतचा पाव-अर्धा इंच पिळवटलेला असतो, तो कापून टाका. किनारीची घट्ट पट्टीही वेगळी काढा. ती शिवणीत आली तर कड आवळते.

खळीबद्दल दोन शब्द. उरेब कडा हाताळायच्या असतील तर कापण्याआधी कापडाला चांगली कडक खळ द्या, तांदळाच्या पेजेची असो वा तयार स्टार्चची. कापड कागदासारखं वागतं. पण काम झाल्यावर ती धुऊन काढायला विसरू नका. खळ लावलेलं कापड भिंतीवर राहिलं की त्याला कसर लागते, आणि दमट हवेत त्यावर बुरशी धरते.

नमुना: भिरभिऱ्यांचे सहा चौकोन

मधल्या भागात ६ इंचांचे सहा भिरभिऱ्याचे चौकोन आणि दोन कोरे चौकोन, सगळे कोनावर. ६ इंचांचा चौकोन कोनावर उभा केला की त्याची रुंदी ६ × १.४१४, म्हणजे साधारण ८½ इंच होते. रुंदीला दोन आणि उंचीला तीन घेतले की मधला भाग १७ × २५½ इंचांचा. त्याभोवती साडेतीन इंचांची पट्टी लावली की २४ × ३२½. ही सगळी मापं शिवून झाल्यावरची आहेत. शिवणीसाठी सगळीकडे पाव इंच धरलं आहे.

४४ इंच पन्ह्याचं सुती कापड असं लागेल:

भिरभिऱ्यासाठी दोन रंग, प्रत्येकी ३० सेंमी
कोरे चौकोन आणि कडेचे त्रिकोण, ४० सेंमी
पट्ट्या, गोट आणि दांडीचा नेफा, तिन्ही मिळून ७५ सेंमी
अस्तर, १.१० मीटर
मधला सुती थर, २८ × ३७ इंच

भिरभिऱ्यासाठी दोन्ही रंगांचे ४ इंचांचे बारा-बारा चौकोन धाग्यावर कापा. कर्णावर कापून मग त्रिकोण जोडत बसू नका, कारण मोकळी उरेब कड हातात धरली की लांबलीच. दोन रंगांचे चौकोन सुलट बाजू आत ठेवून एकमेकांवर ठेवा, वरच्यावर कर्ण आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर टीप मारा आणि मगच रेषेवर कापा. उरेब कड जन्मतःच शिवणीत अडकलेली राहते. एका जोडीतून दोन तुकडे मिळतात, बारा जोड्यांतून चोवीस, म्हणजे सहा भिरभिऱ्यांना पुरे. टाका बारीक ठेवा, २ मिमीच्या आसपास. उघडून इस्त्री करा आणि ३½ इंचांच्या चौकोनात काटा. चार-चार जोडून ६½ इंचांचा चौकोन होतो, तो शिवणीत जाऊन ६ राहतो.

इस्त्री करताना ती घासायची नाही. ठेवायची, दाबायची, उचलायची. तिरक्या शिवणीवरून इस्त्री पुढे ढकलली की तिच्या टोकापुढे कापडाची बारीक लाट पळते आणि कोपऱ्याला जाऊन कुत्र्याच्या कानासारखं टोक बाहेर काढते. असा तुकडा काटून सरळ दिसतो खरा, पण आत कर्ण ताणलेलाच राहतो. चार असे तुकडे जोडले की भिरभिऱ्याचा मध्य फुगतो आणि तो फुगवटा कितीही टाके घाला, जात नाही.

धूपछाव कापड किंवा लव असलेलं कापड इथे वापरायचं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. भिरभिऱ्याचे चार तुकडे पाव-पाव वळणाने बसतात, म्हणजे उभा धागा दोघांत उभा आणि दोघांत आडवा येतो. उजेडात एकाच रंगाच्या दोन छटा दिसतात. ते आवडत असेल तर उत्तमच, नाहीतर साधं सुती घ्या.

कडेचे त्रिकोण: खरी परीक्षा इथे

चौकोन कोनावर मांडले की चारी बाजूंना त्रिकोणी खाचा राहतात. या मांडणीत बाजूचे सहा त्रिकोण लागतात आणि कोपऱ्यांचे चार. दोघांचे आकार सारखे दिसतात, पण कापायची पद्धत वेगळी आहे आणि ती उलटसुलट झाली तर गोधडीची संपूर्ण बाह्यकड उरेब होते.

बाजूच्या त्रिकोणाची लांब बाजू बाहेर येते. ती धाग्यावर यायला हवी, म्हणून मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण करायचे. माप: चौकोनाचं तयार माप × १.४१४, अधिक १¼ इंच. आपल्या ६ इंचांना हे ९¾ येतं. अर्धा इंच जास्त घेऊन १०¼ चे दोन चौकोन कापा, नंतर काटता येतं.

कोपऱ्याच्या त्रिकोणाच्या दोन आखूड बाजू बाहेर येतात. म्हणून लहान चौकोन एकाच कर्णावर कापायचा. माप: तयार माप ÷ १.४१४, अधिक ⅞ इंच, म्हणजे ५⅛. ५½ चे दोन चौकोन घ्या.

आता बारकावा. मोठ्या चौकोनाचे चार त्रिकोण केले की त्यातल्या दोघांची लांब बाजू उभ्या धाग्यावर असते आणि दोघांची आडव्यावर. आपल्या गोधडीत डावीकडे दोन, उजवीकडे दोन, वर एक आणि खाली एक त्रिकोण लागतो. डाव्या-उजव्या चार जागांना लांब बाजू उभ्या धाग्यावर असलेले त्रिकोण द्या. वर आणि खाली लांब बाजू आडव्या धाग्यावर असलेले द्या. असं केलं की सहाही त्रिकोणांत उभा धागा छताकडून जमिनीकडेच जातो. दोन चौकोनांतून पहिल्या प्रकारचे बरोबर चार मिळतात आणि दुसऱ्या प्रकारचे चार, त्यातले दोन उरतात. कापण्याआधी चौकोनाच्या चारी भागांत बाण काढले नसतील तर हे नंतर ओळखणं फार किचकट होतं.

ओळी जोडताना त्रिकोण खाली आणि चौकोन वर ठेवून शिवू नका, उलट ठेवा. मशीनचे दाते खालचा थर पुढे सारतात, वरचा दाबपट्टीखाली मागे रेंगाळतो. जी कड उरेब आहे ती खाली गेली की दाते तिची सैल लांबी आपोआप जिरवतात. बाजूच्या त्रिकोणांच्या आखूड बाजू उरेब आहेत, पण चौकोनाची कड सरळ धाग्यावर आहे. म्हणजे इथे त्रिकोण खाली जाईल असा मोह होईल. तो टाळायचा एवढ्यासाठी, की त्रिकोणाचं टोक निमुळतं असतं आणि दाते ते सुईखालच्या पत्र्याच्या भोकात ओढून नेतात. वर ठेवलं, तीन टाचण्या लावल्या आणि हाताने न ओढता शिवलं की टोक सुटत नाही. खळ दिलेली असेल तर लांबायचा प्रश्नही येत नाही.

कोनावरच्या चौकोनांचं काय?

धाग्यावर नीट कापलेला प्रत्येक चौकोन कोनावर उभा केला की टांगल्यावर तो उरेबलाच लोंबतो. यातून सुटका नाही. चौकोनच उरेब कापून ते सरळ लोंबतील असं करता येतं, पण मग प्रत्येक कड उरेब होते आणि फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं पाठीचं कापड, चिकटवल्याशिवाय शिवता येत नाही. छपाईतलं एखादं चित्र उभंच दिसायला हवं असेल तेवढ्यापुरतं ते करा, आणि फ्युजिंगही विणलेलं घ्या, त्याचाही उभा धागा वरून खाली ठेवा.

एरवी हे चौकोन सांभाळायचे ते त्यांच्या आजूबाजूच्या आणि मागच्या थरांनी. भिरभिऱ्याची एक सोय इथे कामी येते. त्याच्या तिरक्या शिवणी चौकोन कोनावर ठेवल्यावर उभ्या आणि आडव्या होतात. शिवणीत दोन थर आणि दोरा असल्यामुळे ती जागा कापडापेक्षा कमी ताणते. पुढे टाके घालताना आधी याच उभ्या शिवणींतून टीप मारून तिन्ही थर बांधून घ्यायचे.

पट्ट्या

चारही पट्ट्या ४ इंच रुंद आणि कापडाच्या लांबीत, किनारीला समांतर कापा. उभा धागा प्रत्येक पट्टीच्या लांबीला गेला पाहिजे. ७५ सेंमी कापडातून चार पट्ट्या निघून रुंदीत जे उरतं त्यातून नेफ्यासाठी ७ इंचांची एक पट्टी आणि गोटासाठी २½ इंचांच्या सहा पट्ट्या, त्याही लांबीतच, निघतात. बऱ्याच ठिकाणी कापड वाचवायला पट्ट्या पन्ह्यातून आडव्या कापायला सांगतात. पलंगाच्या गोधडीला ते चालून जातं. भिंतीवर बाजूच्या आडव्या धाग्याच्या पट्ट्या वजनाने हळूहळू लांबतात आणि कड लाटा घेते.

वर आणि खाली पट्टीत उभा धागा आडवा पडतो, तो चालतो. तिथे वजन लांबीला येत नाही, फक्त कड सरळ राहायला हवी. मात्र बाजूच्या दोन पट्ट्यांपैकी एक उभ्या धाग्याची आणि दुसरी आडव्या धाग्याची, असं कधीही करू नका. दोन्ही सारख्या लांबल्या तर निदान गोधडी सरळ दिसते, एकच लांबली तर कोपरा खाली जातो.

पट्टीची लांबी कडेवर मोजू नका. मधला भाग सपाट ठेवून मधोमध मोजा. आपल्या नमुन्यात शिवणीसकट २६ इंच यायला हवी. कड २६¼ निघाली तरी पट्टी २६ चीच कापा आणि जास्तीचा पाव इंच टाचण्यांमध्ये वाटून जिरवा. बाजूच्या दोन लावून झाल्या की रुंदी पुन्हा मधोमध मोजा, साधारण २४½ येईल, आणि वर-खालच्या पट्ट्या तेवढ्या कापा.

खण, इरकल किंवा काठाचं कापड पट्टीला वापरणाऱ्यांसाठी: काठ उभ्या धाग्याने विणलेला असतो आणि अंगापेक्षा घट्ट असतो. धुतल्यावर अंग आणि काठ वेगवेगळे आटतात, म्हणून अशी पट्टी धुऊन आणि काठावर वाफ देऊनच मापा. काठ खालच्या कडेला आडवा लावला तर सुंदर दिसतो आणि त्याचं वजन गोधडीला ताठ ठेवतं. जुनी रेशमी साडी वापरायची तर मागे पातळ सुती कापड जोडा, कारण जुनं रेशीम घडीवर चिरतं आणि टांगल्यावर आधी तिथेच फाटतं.

अस्तर आणि मधला थर

अस्तर हाच खरा खांब. २८ इंच रुंद आणि ३७ इंच उंच, उभा धागा उंचीत. शक्यतो जोड नको. मोठ्या गोधडीत जोड द्यावाच लागला तर शिवण उभी येऊ द्या. जुन्या सुती साडीचं अस्तर करायचं असेल तर साडीची लांबी म्हणजे ताणा, ती वरून खाली ठेवा. साडी आधी उजेडाविरुद्ध धरून विरलेल्या जागा बघा आणि अंगठ्याने दाबून पाहा. दाबल्यावर धागे बाजूला सरकत असतील तर तेवढा भाग सोडा.

पारंपरिक गोधडीसारख्या चिंध्या एकमेकांवर टाकून धावदोऱ्याने जोडणार असाल, किंवा कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंडी नावाची गोधडी करतात तसे दुमडलेले तुकडे कडेपासून आत लावत जाणार असाल, तर वरच्या तुकड्यांच्या दिशेची चिंता सोडून द्या. तिथे सगळं वजन पाठीच्या अखंड कापडावर जातं. तेवढं उभं ठेवलं की पुरे.

मधल्या सुती थरालाही दिशा असते. गुंडाळीतून निघालेला थर लांबीला कमी आणि रुंदीला जास्त ताणला जातो. हाताने ओढून बघा आणि न ताणणारी बाजू उभी ठेवा.

तीन थर टाचताना अस्तर टेबलावर ताठ पण न ओढता चिकटपट्टीने लावा. ओढून लावलेलं अस्तर सुटल्यावर आक्रसतं आणि पुढचा भाग चुण्या घेतो. सैल लावलेलं अस्तर टांगल्यावर खाली पोटासारखं साठतं. कच्चे टाके चार-चार इंचांवर, मधून बाहेर.

टाक्यांची दिशा

आधी बांधणीच्या टिपा: मधोमध एक उभी, एक आडवी, मग भिरभिऱ्यांच्या उभ्या शिवणींतून, मग पट्टीच्या शिवणीतून चारी बाजूंनी. त्यानंतर नक्षी हवी तशी. नुसत्या तिरक्या रेषांनी भरलेली गोधडी टांगू नये. पट्ट्यांत आणि अस्तरात तिरकी टीप उरेबवरून जाते आणि सगळ्या एकाच दिशेने मारल्या तर अख्खं काम एका बाजूला झुकतं. तिरक्या हव्याच असतील तर एक रेष वरून खाली, पुढची खालून वर मारा. दोन रेषांत ३ ते ४ इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका, आणि दाटी सगळीकडे सारखी ठेवा. मध्ये दाट आणि पट्टीत विरळ झालं की मध्य आक्रसतो आणि पट्टी झालरीसारखी उभी राहते. धागा बरोबर असूनही हे होतं, म्हणून दोष शोधताना दोन्ही तपासा.

कडा काटण्याआधी टांगा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. उरेब कापाचा घेरदार घागरा शिवणारे दुमड घालण्याआधी तो एक दिवस टांगून ठेवतात, कारण जे लांबायचं ते आधीच लांबू दे. गोधडीलाही तेच करा. टाके पूर्ण झाल्यावर, गोट लावण्याआधी, वरची कड एका सरळ पट्टीवर दर दोन इंचांवर चिमट्यांनी लावा आणि दोन दिवस सोडा. मग खाली काढून सपाट पसरा, दोन्ही कर्ण मोजा. २४ × ३२½ ला कर्ण साधारण ४०⅜ इंच यायला हवा आणि दोघांत पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर थोडं ओलं करून हाताने चौकोनी करा, टाचण्या मारून वाळू द्या, आणि मगच कडा काटा.

गोटाच्या सहा पट्ट्या जोडून दुहेरी दुमडून लावा. परिघ ११३ इंच आहे, वळणं आणि जोड धरून १२५ इंच लागतात. सरळ कडांना उरेब गोट लावू नका. तो शिवताना नकळत ताणला जातो आणि कड आवळतो किंवा लाटा देतो. उरेब गोट गोल कोपऱ्यांसाठी राखून ठेवा.

नेफ्याची पट्टी २४ × ७ इंच, दोन्ही टोकं दुमडून २२ इंचांवर आणा, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी इंचभर आत राहील. लांबीला दुमडून नळी करा आणि मागे वरच्या गोटाखाली हाताने तुरपा. नळीच्या बाहेरच्या थराला अर्धा इंच ढील द्या. दांडीच्या जाडीला जागा मिळाली नाही तर पुढच्या बाजूला वरच्या कडेखाली आडवा उंचवटा दिसतो. टाका फक्त अस्तर आणि मधल्या थरातून घ्या, पुढे निघू देऊ नका. दोनच कड्यांवर टांगण्यापेक्षा पूर्ण रुंदीची दांडी घाला. दोन बिंदूंवर लोंबणारं कापड त्या बिंदूंमधून उरेबला ओढलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते.

आधीच बिघडलेल्या गोधडीसाठी

खालची कड लाटा घेत असेल आणि पट्ट्या आडव्या धाग्याच्या असतील, तर गोट उसवा, पट्टीच्या कडेला ⅛ इंचावर लांब टाक्याची टीप मारून दोरा किंचित ओढा, लाट वाफेने बसवा आणि मागून पाऊण इंचाची न ताणणारी सुती टेप उभी शिवून मग गोट परत लावा. एकच कोपरा उतरला असेल तर टेप त्याच बाजूला, वरपासून खालपर्यंत. मध्ये झोळ असेल तर नेफ्याच्या खालच्या कडेपासून सरळ खाली, दर सहा इंचांवर, उभे हातटाके अस्तर आणि मधल्या थरातून घालत जा. झोळ अर्ध्याहून कमी होतो. पूर्ण जात नाही, कारण शंकरपाळं झालेली वीण तशीच राहते.

कोकणात आणि समुद्राकाठच्या गावांत पावसाळी ओल आलेल्या भिंतीवर दांडीच्या मागे लाकडाचे छोटे ठोकळे लावून बोटभर पोकळी ठेवा. ओलं झालेलं सुती कापड जड होतं आणि तेवढ्यानेही लोंबतं. वर्षातून एकदा गोधडी उतरवा, दोन आठवडे सपाट पसरून ठेवा, आणि पुन्हा लावताना जमलं तर वरची बाजू खाली करा. त्यासाठी खालच्या कडेलाही दुसरा नेफा आधीच शिवून ठेवावा लागतो.